कोण आत आहे, काय चाललंय

आत्या एका संशोधन संस्थेतला सामायिक सर्व्हर सांभाळते. पीएचडीचे विद्यार्थी, त्यांचे मार्गदर्शक, अधूनमधून येणारे पाहुणे संशोधक, सगळे त्या एकाच लिनक्स यंत्रावर आपापली गणितं लावतात. दादा एका कंपनीचे क्लाउडवरचे सर्व्हर बघतो. बघतो म्हणजे त्यांच्याकडे फिरकत नाही. त्यातल्या एकावरही स्वतः लॉगिन करायची वेळ येऊ नये, हीच आपल्या कामाची पावती, असं त्याचं म्हणणं. गणपतीत दोघं एका घरात सापडले. मी अशा विषयांवर लिहिते हे माहीत असूनही त्यांनी माझ्यासमोर वाद घातला, त्यामुळे तो इथे उतरवायला माझी हरकत नाही. जिथे दोघं फारच धंद्याचं बोलायला लागले, तिथे मी मधे तोंड घातलं आहे.

दादा : आत्या, तू अजून रोज सकाळी सर्व्हरवर जाऊन 'डब्ल्यू' मारतेस?

आत्या : मारते. मग 'पीएस', मग जरा वेळ 'टॉप'. चहा निवायच्या आत होतं सगळं.

दादा : आणि त्यातून कळतं काय?

आत्या : कोण आत आहे आणि काय चाललंय. बेल लॅब्जमध्ये १९७१ च्या नोव्हेंबरात युनिक्सचं पहिलं मॅन्युअल निघालं, तेव्हा त्यांच्या पीडीपी-११ ला मेमरी होती २४ किलोबाइट. त्यातले १६ खुद्द यंत्रणेलाच लागायचे. एवढ्या ओढाताणीतही युनिक्स लिहिणाऱ्या थॉम्प्सन आणि रिचींनी, कोण आत आहे ते सांगणारं 'हू' ठेवलंच. चालू प्रोसेसची यादी देणारं 'पीएस' त्यानंतर दोनेक वर्षांत आलं.

दादा : ठेवणारच. एका यंत्रावर अनेकजण बसायचे, शेजारी कोण आहे ते माहीत असायला हवं होतं. आमच्याकडे शेजारीच नाहीत. आमच्या सर्व्हरवर 'हू' मारल्यावर एक जरी ओळ आली तरी ती बातमी आहे. माणूस आत शिरलाय म्हणजे एकतर काहीतरी बिघडलंय, नाहीतर कुणीतरी बिघडवतंय. कंटेनरमध्ये तर आम्ही 'पीएस' हा प्रोग्रॅमही टाकत नाही. लागतो कशाला? सर्व्हर आजारी वाटला तर त्याला मोडायचा आणि तसाच दुसरा उभा करायचा.

आत्या : आणि आतल्या मुलीची तीन दिवस चाललेली सिम्युलेशन? तीही मोडायची?

इथे दादा थोडा थांबला. त्याचं चित्र त्याच्या कंपनीपुरतं खरं आहे, पण जगातली सगळी यंत्रं तशी नाहीत. पुण्यातच आयसरमध्ये सी-डॅकनं उभारलेला परम ब्रह्म आहे. तिथे काम करणारा संशोधक आधी लॉगिन नोडवर येतो, म्हणजे खराखुरा माणूस आपल्या खात्यानं आत येतो आणि आपलं काम स्लर्मच्या रांगेत लावून देतो. अशा प्रत्येक ठिकाणी एक अलिखित आणि बहुतेक वेळा लिखितही नियम असतो : लॉगिन नोडवर गणितं चालवायची नाहीत, ती जागा सगळ्यांची आहे. आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी तो नियम मोडतो. तो कोण, हे कळायला 'टॉप'च उघडावं लागतं.

दादा : बरं, सामायिक यंत्र धरू. तरी सकाळी एकदा बघून काय होतं? रात्री अडीच वाजता काय झालं ते तुला नऊ वाजता कुठे दिसणार? 'पीएस' म्हणजे त्या क्षणाचा फोटो. अर्धा सेकंद जगून मेलेल्या प्रोसेस त्यात येतच नाहीत. माझा डॅशबोर्ड दर पंधरा सेकंदांनी आकडे घेतो आणि महिनाभर जपतो.

आत्या : मग ऐक. मागच्या महिन्यात सकाळी 'डब्ल्यू' मारलं, तर पहिल्याच ओळीत लोड साठच्या वर. यंत्राला कोअर बत्तीस. तुझा डॅशबोर्ड काय म्हणाला असता?

दादा : लोड लाल.

आत्या : आणि सीपीयू?

दादा : किती होता?

आत्या : जवळजवळ रिकामा.

ज्यांचा या आकड्याशी रोजचा संबंध नाही, त्यांच्यासाठी : 'डब्ल्यू'च्या डोक्यावर लोडचे तीन आकडे येतात, गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. युनिक्सच्या जुन्या घराण्यांत हा आकडा म्हणजे सीपीयूवर चाललेल्या आणि सीपीयूची वाट बघणाऱ्या प्रोसेसची सरासरी. लिनक्समध्ये १९९३ पासून त्यात आणखी एक जमात मोजली जाते : डिस्कसारख्या एखाद्या गोष्टीसाठी अशी अडकून बसलेली प्रोसेस, की जिला मधे उठवताही येत नाही. 'पीएस'च्या स्टॅट रकान्यात तिच्यापुढे 'डी' येतो. त्यामुळे लिनक्सवर लोड आभाळाला आणि सीपीयू निवांत, असं दृश्य दिसू शकतं. नवख्या माणसाला ते यंत्राचं खोटं बोलणं वाटतं. सरासरीही साधी नसते. रिकाम्या यंत्रावर एकच काम अखंड चालू केलं, तर मिनिटभरानं पहिला आकडा एक होत नाही, ०.६२ च्या आसपास असतो. जुना काळ त्यात हळूहळू विरत जातो.

आत्या : मी 'पीएस' मध्ये स्टॅट बघितला. डी, डी, डी, पानभर. सगळ्यांच्या फाइल एकाच ठिकाणी, नेटवर्कवरून जोडलेल्या एका स्टोरेजवर. ते स्टोरेज मान टाकून बसलं होतं. पोरांनी 'किल', मग 'किल नऊ' मारून बघितलं. त्या डी मधल्या प्रोसेसला ते ऐकू गेलं नाही.

दादा : हे माझ्या आलेखावरही दिसलं असतं. डी मधल्या प्रोसेस मोजायचं लावता येतं.

आत्या : लावलं असतंस तर.

दादा : पुढच्या वेळी लावलेलं असेल. आणि ते रात्री अडीचला मला उठवेल, तुझा चहा होईपर्यंत थांबणार नाही.

आत्या : मान्य. पण पुढचं ऐक. साठ डी कुठून आले? कामं वीसच होती. 'डब्ल्यू' मध्ये बघितलं तर एकेक पोरगा तीन-तीनदा आत. पहिलं टर्मिनल अडकलं म्हणून दुसरं उघडलं, त्यात तेच काम परत लावलं, तेही अडकलं, मग तिसरं. प्रत्येकानं घाबरून आपली प्रोसेस तिप्पट केली होती. हे तुझ्या आलेखात कुठे असतं? त्यात साठ हा आकडा असतो. घाबरलेली पोरं नसतात.

माझ्या मते वादाचं मर्म इथेच आलं होतं. आलेख आधी विचारून ठेवलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो, आणि न थकता देतो. प्रोसेसची यादी कुठल्याच प्रश्नाचं उत्तर देत नाही. ती समोर पडलेली असते आणि वाचणाऱ्याला काय खटकतं यावर सगळं अवलंबून. खटकायला रोजची यादी डोळ्याखालून गेलेली लागते. आत्याच्या रोजच्या 'डब्ल्यू'चा खरा उपयोग बिघाड झालेल्या दिवशी होतो. बाकीच्या दिवशी ती फक्त ओळख ठेवते.

दादा मात्र हटला नाही, आणि त्याचा पुढचा मुद्दा वजनदार होता.

दादा : तू 'हू' वर विश्वास ठेवतेस. 'हू' कुठून वाचतं? यूटीएमपी नावाच्या एका फाइलमधून. त्यात नोंद कधी होते? माणसाला टर्मिनल मिळालं तर. मी एसएसएचनं आलो आणि फक्त फाइल उचलल्या, किंवा टर्मिनल न घेता नुसता बोगदा काढून बसलो, तर 'हू'च्या लेखी मी आलोच नाही.

आत्या : 'पीएस' च्या लेखी आलास. एसएसएचडी, पुढे तुझं नाव, पुढे 'नोटीटीवाय'. म्हणून तर मी दोन्ही मारते.

दादा : आणि 'लास्ट'? कोण कधी आला-गेला ती वही? तिच्यातल्या वेळेचा रकाना ३२ बिटांचा, १९ जानेवारी २०३८ ला भरणार. डेबियन १३ नं नेहमीच्या पॅकेजातून 'लास्ट' काढूनच टाकलं, त्याजागी डब्ल्यूटीएमपीडीबी आलं. तुझी हत्यारं संग्रहालयात चाललीत, आत्या.

आत्या : वही बदलली. कोण आलं-गेलं हे विचारायचं बंद झालंय का?

दादा : बरं, मग हे सांग. घुसखोर रूट झाला की पहिलं काय करतो? 'पीएस' आणि 'हू' बदलतो. त्याच्या प्रोसेस सोडून बाकी सगळ्या दिसतील असा 'पीएस' तो तुझ्या यंत्रावर ठेवून देतो. यूटीएमपी मधली स्वतःची ओळ पुसतो. तू रोज सकाळी त्याच्या हातचा अहवाल वाचत बसणार. म्हणून आमचा नियम : नोंदी घडल्या क्षणी यंत्राबाहेर गेल्या पाहिजेत. ज्याच्यावर संशय, त्यालाच साक्षीला बोलवायचं नाही.

आत्या : हे स्टॉलनं १९८६ मध्येच केलं होतं.

क्लिफर्ड स्टॉल मूळचा खगोलशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संगणक विभागात तो नुकता आला होता. वापराच्या हिशेबात ७५ सेंटांचा फरक आला आणि तो त्यानं सोडला नाही. मागे लागल्यावर कळलं, की सध्या इथे नसलेल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या खात्यातून कुणी परकाच वावरतोय. तो आला की आधी कोण कोण आत आहे ते बघायचा, मग 'पीएस' मारून आपल्यावर पाळत आहे का ते तपासायचा. यंत्रणा सांभाळणाऱ्यांपैकी कुणी दिसला की पसार. म्हणजे आत्याच्या सकाळच्या दोन्ही आज्ञा चोराच्याही पहिल्या दोन आज्ञा होत्या. स्टॉलनं मग यंत्राच्या आतून बघणं बंद केलं. एका शुक्रवारी ऑफिसातले टेलिप्रिंटर आणि टर्मिनल गोळा करून त्यानं मोडेमच्या पन्नासेक तारांना बाहेरून जोडले. घुसखोराच्या 'पीएस'ला त्या कागदाचा पत्ता लागणं शक्यच नव्हतं. वर्षभराच्या पाठलागाचं टोक जर्मनीत हॅनोव्हरला निघालं. त्याची हकिकत त्यानं १९८९ मध्ये 'द कुकूज एग' या पुस्तकात लिहिली.

दादा : बघ, माझंच म्हणणं सिद्ध झालं. आतून बघून काही हाती लागलं नाही, बाहेरच्या नोंदीनं पकडला.

आत्या : नोंद कागदावर झाली, वाचली कुणी? त्या कागदावर 'पीएस' पुढे त्यानं 'ईएएफजी' टाइप केलेलं होतं. स्टॉलच्या एका जाणत्या सहकाऱ्याला त्यातला 'एफ' खटकला. बर्कलीच्या युनिक्सला तो लागत नाही, एटी अँड टीच्या युनिक्सवर हात बसलेला माणूसच तो मारेल. म्हणजे हा इथला नाही, एवढं एका अक्षरावरून कळलं. हे कुठल्या अलार्ममध्ये लावून ठेवणार होतास?

दादा हसला. मग प्रांजळपणे म्हणाला, की आजकालची मॉडेलं हे ओळखतील, टायपिंगच्या सवयींवरून माणूस ओळखणारी साधनं आहेत. आत्यानं विचारलं, की ती कुणी तरी आधी शिकवलेली असतात ना. त्यावर थोडा वेळ दोघांनी एकमेकांना तेच तेच सांगितलं, ते मी गाळते.

आत्या : आणि खोटं ओळखता येतं. कर्नलचे स्वतःचे धागे 'पीएस' मध्ये चौकटी कंसात दिसतात, 'केवर्कर' वगैरे. चोरून नाणी खणणारे प्रोग्रॅम तेच नाव लावून येतात, कंसासकट. मी पालक बघते. खऱ्या केवर्करचा पालक दोन नंबरची प्रोसेस, केथ्रेडडी. याचा भलताच निघतो. आणि प्रॉक या फोल्डरमध्ये त्याच्या नंबराखाली 'एक्झी' बघितलं, तर खऱ्याच्या मागे फाइल नसते. याच्या मागे टेंपमधली कुठलीतरी फाइल असते, बहुतेकदा चालू करून लगेच पुसलेली.

दादा : आणि कर्नलमध्येच कुणी शिरला असेल तर तुझं प्रॉकही खोटं.

आत्या : तर मग यंत्र बंद करून डिस्क काढून बघायची. तेवढं मलाही येतं. पण २०२४ च्या मार्चमधलं एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनातलं प्रकरण आठव. अँड्रेस फ्रॉइंड पोस्टग्रेस या डेटाबेसचं मोजमाप करत होता. चुकीच्या नावानं येऊन लगेच परत जाणाऱ्या लॉगिनलाही एसएसएचडी सीपीयू खातोय, एवढं त्याला दिसलं. अर्धा सेकंद जास्त. त्या अर्ध्या सेकंदामागे लागून त्यानं मागचं दार शोधलं. कुठलाही अलार्म वाजला नव्हता.

दादा : एका चिकट माणसाच्या नशिबावर जग चालवायचं?

आत्याकडे याला उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही.

यानंतर दादानं जो प्रश्न काढला त्याची मला अपेक्षा नव्हती. क्लाउडवाला माणूस वेग आणि खर्च यांवर बोलेल असं वाटलं होतं.

दादा : मला सांग, तुला हा अधिकार कुणी दिला? 'पीएस' मारलं की कोण कुठला प्रोग्रॅम कुठल्या फाइलवर चालवतोय, अख्खी ओळ दिसते. तुलाच नाही, यंत्रावरच्या प्रत्येकाला. कुणी आज्ञेतच पासवर्ड लिहिला तर तोही. मायएसक्यूएलचा क्लायंट तो पुसतो खरा, पण पुसायच्या आधीचा क्षण उरतोच. एखाद्या मुलीनं फाइलला नाव दिलं 'राजीनामा', आणि एडिटरमध्ये उघडली. शेजारच्या टेबलावर कळलं.

आत्या : सामायिक यंत्र आहे. वाड्यासारखं. कोण कधी आला, दिवा कुणाचा जळतोय, हे सगळ्यांना दिसतं म्हणूनच कुणी रात्रभर नळ चालू ठेवत नाही.

दादा : वाड्यात पत्र कुणाचं आलं हेही सगळ्यांना कळायचं, आणि वाडा सोडून लोक आनंदानं फ्लॅटमध्ये गेले. तुझ्या त्या 'फिंगर'चं काय झालं? लेस अर्नेस्टनं १९७१ मध्ये स्टॅनफर्डला केलं, कोण कुठे आहे ते कळावं म्हणून. चांगल्याच हेतूनं. लोक त्यात आपला बेतही लिहून ठेवायचे. १९८८ मध्ये मॉरिस वर्म त्याही दारानं शिरला आणि पुढे एकेका ठिकाणी लोकांनी ते बंद केलं. कुणाला त्याची आठवण येते?

आत्या : मला येते.

आणि मग ती जरा वेळानं म्हणाली, ते मला या सगळ्या वादातलं सर्वात मोलाचं वाटलं.

आत्या : एका मार्गदर्शकांनी मला विचारलं होतं, 'डब्ल्यू' मधला आयडलचा रकाना दर तासाला टिपून द्याल का. विद्यार्थी किती वेळ काम करतात ते बघायचंय.

दादा : दिलंस?

आत्या : नाही. आयडल म्हणजे टर्मिनलवर शेवटची कळ दाबून किती वेळ झाला, एवढंच. टीमक्समध्ये तीन दिवसांचं काम लावून पेपर वाचत बसलेली मुलगी तीन दिवस आळशी दिसणार. मधूनमधून नुसतं एंटर दाबणारा कष्टाळू. मी त्यांना हे समजावलं.

दादा : तू त्यांना हे सांगितलंस, की आकडा चुकीचा आहे. आकडा बरोबर असता तर दिला असतास का?

आत्या गप्प.

दादा : माझ्या आलेखात माणसांची नावं नसतात. तू मघाशी त्यालाच उणीव म्हणालीस. घाबरलेली पोरं दिसत नाहीत म्हणालीस. दिसू नयेत, असंही कधीकधी असतं.

मला इथे दादा जिंकला असं वाटतं, अर्धा. बघण्यातून ओळख होते आणि त्याच बघण्यातून हजेरीही घेता येते. फरक रकान्यात नाही, कागद कुणाच्या टेबलावर जातो त्यात आहे. पण हेही खरं, की दादाच्या कंपनीत माणसांची नावं आलेखात नसली, तरी कुठल्यातरी नोंदवहीत प्रत्येक कळ साठवलेली असते. ती वाचायची परवानगी दोघातिघांना असते आणि ते वाचतायत हे बाकीच्यांना दिसत नाही. आत्याच्या यंत्रावर निदान पोरं आत्यालाही बघू शकतात. ती 'डब्ल्यू' मारते तेव्हा तिच्या ओळीपुढे 'डब्ल्यू'च लिहून येतं.

दादा : हायडपीआयडी लाव ना. लिनक्स ३.३ पासून आहे. प्रॉक माउंट करताना दोन हा आकडा द्यायचा. मग ज्याला त्याला फक्त आपल्याच प्रोसेस दिसतात.

आत्या : मग पोरं एकमेकांना विचारणार कशी? आज एकजण 'टॉप' मध्ये बघतो, की चोवीस कोअर अमुक खातेय, तिच्या टेबलापाशी जातो, कधी संपतंय विचारतो. माझ्यापर्यंत भांडण येतच नाही.

दादा : 'हू' चालूच राहील. ते यूटीएमपी वाचतं, त्याला प्रॉक लागत नाही. अमुक आत आहे हे दिसेल. काय करतेय ते दिसणार नाही. आणि एकूण लोडही दिसेल. चौकशी करायला एवढं पुरे.

आत्या : हं. 'डब्ल्यू' मध्ये?

दादा : दुसऱ्यांच्या ओळी बहुधा गळतील. नावासाठी 'हू'च.

आत्या : सिस्टमडी कुरकुर करतं म्हणतात त्यानं.

दादा : करतं. त्याच्या लॉगिन सांभाळणाऱ्या सेवेला सगळं दिसावं लागतं. त्यासाठी एक गट करायचा, माउंटमध्ये जीआयडी द्यायचा. त्या गटातल्यांना सगळं दिसतं. माणसंही त्यात घालता येतात. कोण असेल?

आत्या : मी.

दादा : एकटी?

आत्या : आणि विद्यार्थ्यांनी निवडून दिलेला एक. दर वर्षी नवा.

दादा : त्याला तुझ्याही प्रोसेस दिसतील. रूटच्यासुद्धा.

आत्या : दिसायलाच हव्यात. रात्रीचा बॅकअप मीच लावते, आणि डिस्क सगळ्यात जास्त तोच खातो. मार्गदर्शकांना मात्र त्या गटात घ्यायचं नाही.

दादा : ते मागतील.

आत्या : मागू देत. तू आधी सांग, एफएसटॅबमध्ये प्रॉकची ओळ नसतेच बऱ्याचदा, ती हातानं घालायची ना?